स्पीकरवरची चारू

'हसतमुख विद्यार्थी हा मनाने निरोगी असतो आणि मनाने निरोगी विद्यार्थीच आयुष्यात यशस्वी होतो.' किशोरवयाबद्दलचं हे एक मूलभूत सत्य आहे. लोणखेड्याच्या पुढे, पपईच्या शेतांना लागून मुलींचं एक खाजगी वसतिगृह आहे. त्याच्या आतल्या भिंतीवर हे सत्य निळ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं होतं. भिंत लहान, सत्य मोठं. पेंटरनं 'निरोगी विद्यार्थीच'पाशी भिंत संपवली आणि उरलेलं कोपऱ्यावरून वळवून संडासांच्या दारांवर नेलं. दारं तीन होती आणि शब्दही तीनच उरले होते, त्यामुळे कामाचं त्याचं त्यालाच समाधान वाटलं. पहाटे बादल्या घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलींचा प्रश्न एवढाच असे की 'आयुष्यात' मोकळं आहे की 'होतो'. 'यशस्वी' कायम तुंबलेलं असे.

वसतिगृह अकरावी-बारावी सायन्सच्या मुलींचं. इथल्या प्रत्येक मुलीनं डॉक्टर व्हायचं ठरवलेलं असतं. काहींनी ते जन्माआधीच, वडिलांमार्फत ठरवलेलं असतं. अभ्यासातून लक्ष उडू नये म्हणून रस्त्याकडच्या खिडक्यांना पत्रे ठोकले होते. हवा यावी म्हणून पत्र्यांना खिळ्यानं भोकं पाडली होती. पण हवेलाही बहुधा नियम सांगितले असावेत, कारण ती येत नसे. फाटकाला कुलूप, किल्ली रेक्टर मॅडमच्या कमरेला. मोबाइल जमा. पहिले तीन महिने आईवडिलांनी भेटायला यायचं नाही, पोरीचं मन रमू द्यायचं. मन रमलं की नाही हे ओळखायचं कसं? तर तीन महिने झाले की रमलं.

रविवारी संध्याकाळी मात्र घरी फोन करता येई. ऑफिसातल्या टेबलावरून, पाच मिनिटं, शेजारच्या खुर्चीत रेक्टर मॅडम. इथं एक नियम होता जो भिंतीवर लिहिलेला नव्हता. फोनवर जी मुलगी रडेल तिचा पुढचा रविवार बंद. रडणं साथीसारखं पसरतं, असं समुपदेशक भरत सरांचं म्हणणं होतं. भरत सर दर शनिवारी शहाद्याहून मोटरसायकलवर येत आणि 'हास्य तास' घेत. किशोरवयीन मुलींमधला विनोद आणि त्यांचं भावनिक स्वास्थ्य या विषयावर त्यांचा प्रबंध चालला होता. माणूस सरळ होता. अडचण एवढीच होती की त्यांना स्वतःला विनोद कळत नसे; तो झाला आहे हे ते इतरांच्या आवाजावरून ओळखत.

जूनमध्ये या वसतिगृहात कोरीटच्या नवल पाटलांची चारुलता आली. सोळा वर्षांची, दहावीला चांगले मार्क, घरी मिरची आणि कापूस. गावात असताना ती विशेष विनोदी म्हणून कोणाला माहीत नव्हती. कोरीटमध्ये जेवढं बोलायला लागतं तेवढं ती बोलायची, म्हणजे भरपूर.

पहिल्या रविवारी तिनं रिसीव्हर कानाला लावला आणि पलीकडून तिची आई, प्रमिलाबाई, एवढंच म्हणाली, "चारू, काय खादं वं आज?"

चारूनं उत्तर द्यायच्या आधी जोरात नाक ओढलं. रेक्टर मॅडमनी वहीतून डोकं वर काढलं. आता रडलं तर पुढचा रविवार गेला, हे चारूला स्पष्ट दिसलं. जे पहिलं सुचलं ते ती बोलली.

"वरण खादं, मम्मी. आठलं वरण भलतं शे. पानी येगळं निंघेल शे, दाय येगळी. दोन्हीसनी वाटनी व्हई जायेल शे."

पदर डोळ्याला लावून बसलेल्या प्रमिलाबाईंना एकदम हसू फुटलं. शेजारच्या ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या कौसाबाईंनी मान वर केली. "काय व्हयनं वं?" प्रमिलाबाईंनी सांगितलं. कौसाबाईंच्या घरात तीन मुलांच्या वाटण्या झालेल्या, त्यामुळे त्यांना वरणाचं दुःख लगेच समजलं आणि त्या लसणासकट हसल्या.

पुढच्या रविवारी नवलभाऊंनी फोन स्पीकरवर टाकला. कौसाबाई हातातला तांदूळ निवडायचा टाकून आल्या होत्या. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांच्या दोन सुना आल्या, समोरच्या घरातले लोक आले, आणि शेतातून परतणाऱ्या माणसांनी बैल बांधायचे थांबवले. मग तो रिवाजच झाला. संध्याकाळ झाली की नवल पाटलांच्या ओट्यावर सतरंजी पडायची, प्रमिलाबाई पातेलंभर चहा ठेवायच्या, आणि फोन मधोमध, उलट्या घातलेल्या पितळी डब्यावर. डब्यावर आवाज मोठा होतो, हा कौसाबाईंचा शोध.

चारू काय सांगायची? नवीन काही नाही. जे होतं तेच.

"आमनी खिडकीनं लगीन पत्रासंगे लाई दिनं. तैपासून ती बाहेर कोनाकडे देखस नही."

गल्ली हसायची.

"आमले बी रोज टेस्ट लिसन तोलतस, पप्पा. पन मिरची सुकनी अन् वजन कमी भरनं तं मिरचीले कोनी बोलस नही. आठे बठ्ठास्ना समोर नाव वाचतस."

मिरचीचं निघालं की पुरुष मंडळी जास्त हसायची.

"मन्हा ड्रेस आते मोठा व्हई गया. मी पुढे चालस, तो मांगेथून येस."

यावर तर प्रमिलाबाईंच्या हातातला चहा सांडला. "जवय देखो तवय हासाडस ही पोर," असं म्हणत त्यांनी ओटा पुसला. ड्रेस मोठा होतो म्हणजे काय होतं, हा विचार त्यांना शिवला नाही असं नाही. पण तो येईपर्यंत कौसाबाईंनी ड्रेसच्या मागून चालत येण्याची नक्कल केली, आणि विचार परत गेला.

"आमनी चारू तठे राज करी ऱ्हायनी," नवलभाऊ नंदुरबारच्या मिरची बाजारात सांगायचे. "इतली खुश शे, का आमलेच हासाडस."

इकडे ऑफिसात रिसीव्हरमधून येणारा हसण्याचा लोंढा रेक्टर मॅडमना ऐकू यायचा. मॅडम सांगलीकडच्या. अहिराणी त्यांना कळत नव्हती, पण हसणं कळत होतं. त्यांनी भरत सरांना सांगितलं. भरत सर एका रविवारी मुद्दाम येऊन बसले, डोळे मिटून आवाज ऐकला आणि म्हणाले, "हे फार आशादायक आहे." शनिवारच्या हास्य तासाला त्यांनी चारूला पुढे उभं केलं. आधी मुलींना हात वर करून 'हा हा हो हो' करायला लावत; आता ते काम चारूकडे आलं. रविवारी घर हसवायचं, शनिवारी वसतिगृह. मधले दिवस तिचे.

मधल्या दिवसांत ती काय करायची, हे एकीलाच माहीत होतं. रिनाला.

रिना धडगावकडची, वरच्या डोंगरातली. घरी पावरी बोलायची, इथं शाळेत शिकलेलं मराठी. शिष्यवृत्तीवर आलेली, चारूच्या खालच्या कॉटवर झोपायची. तिला अहिराणी नीट समजत नसल्यामुळे अख्ख्या वसतिगृहात चारूला न हसणारी ती एकटी होती. भरत सरांनी तिच्या भावनिक स्वास्थ्याबद्दल दोनदा चिंता व्यक्त केली होती.

एका शनिवारी हास्य तासानंतर रिनानं विचारलं, "ते खिडकीचं सांग ना. सगळ्या इतक्या हसल्या. मला कळलं नाही."

"अगं, खिडकीचं पत्र्याशी लग्न लावलं. मग ती बाहेर बघत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे खिडकीला पत्रा ठोकलाय."

"ते तर दिसतंय. मग हसायचं कुठं?"

चारू विचार करायला लागली. हसायचं कुठं हे तिला सापडेना. "बरं ते सोड. ड्रेसचं कळलं का? ड्रेस मागून येतो."

"का मागून येतो?"

"सैल झालाय."

"का?"

"मी जेवत नाही ना."

"हां," रिना म्हणाली. "आणि ते कोंबड्याचं काय होतं? कोंबडा म्हणतो, बाई, झोप जरा."

"त्यात असं आहे की मला झोप लागत नाही."

मग रिनानं जी गोष्ट रोज नुसती पाहिली होती ती बोलून टाकली. "आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडतेस, ते कसं सांगतेस? त्याच्यावर काय आहे?"

"त्याच्यावर अजून काही बसलं नाही," चारू म्हणाली, आणि हे सुद्धा तिच्या तोंडून अशा तऱ्हेनं निघालं की पलीकडच्या कॉटवरच्या मुली फिस्सकन हसल्या.

त्या रात्री चारूला पहिल्यांदा भीती वाटली. वसतिगृहाची नव्हे, स्वतःच्या तोंडाची.

त्याच आठवड्यात ऑफिसाबाहेर सूचना लागली. कोणाला कॉलेज बदलायचं असेल तर पालकांनी महिनाअखेरपर्यंत स्वतः येऊन सही करावी. त्यानंतर बारावी होईपर्यंत बदल नाही. चारूनं ती सूचना पाणी भरायला जाताना वाचली, येताना वाचली, आणि ठरवलं. पप्पांनी यायला हवं. महिनाअखेरपर्यंत. त्यांना सरळ सांगायचं. रडायचं नाही, हसवायचं नाही, नुसतं सांगायचं.

रविवार आला.

"मम्मी, आज गंमत नही," तिनं सुरुवात केली. "मले आठे करमस नही वं. मले घर लई जा."

ओट्यावरून कौसाबाईंचा आवाज आला, "ऐका वं, ऐका! आज सासरवाशीणनी नक्कल लाई तिनी!" आणि लगेच सासूच्या खर्जात, डब्याजवळ तोंड नेऊन, "नही धाडत जाय! तू गयी तं म्हशी कोन धुई?"

गल्ली कोसळली. चारूनं डोळे मिटले. काही बोलायचं नाही, असं तिनं स्वतःला बजावलं. पण समोरून कोणी असा चेंडू टाकला की हात आपोआप वर जातो.

"म्हशी धुवाले पानी ते पाहिजे, सासूबाई! आठे मन्हंच आंग धुवाले पानी नही!"

हुंदका देण्याचा तो आवाज अगदी नव्या सुनेचा निघाला, कारण हुंदका खराच होता. पाच मिनिटं संपेपर्यंत कोरीटमध्ये कोणाला श्वास घेता येत नव्हता. रेक्टर मॅडमनी घड्याळावर बोट ठेवलं आणि कौतुकानं म्हणाल्या, "काय गं, आज तर फारच रंगला!"

चारूनं नीट विचार केला. ती हुशार मुलगी होती, कारण असेल तिथं उपाय असतो हे तिला फिजिक्समध्ये शिकवलेलं होतं. चूक भाषेची आहे, असं तिनं शोधून काढलं. अहिराणीत आपण काहीही बोललो तरी त्याला हसू चिकटतं. आता शुद्ध मराठीत सांगायचं. मराठी ही शाळेची, तहसीलची, बँकेची भाषा. तिच्यात कोरीटमध्ये आजवर कोणी विनोद केलेला नव्हता, उलट त्या भाषेत कोणी बोलायला लागलं की लोक चपला घालून उभे राहत. तिनं आठवडाभर वाक्यं पाठ केली, बाथरूममध्ये, नळ सोडून.

पुढच्या रविवारी ती रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "मम्मी, पप्पा, माझं म्हणणं कृपया शांतपणे ऐका. मला इथे राहायचं नाही. मला रात्री झोप येत नाही. मला जेवण जात नाही. महिना संपायच्या आत येऊन मला घरी घेऊन जा."

पलीकडे खरंच शांतता पसरली. चारूला वाटलं, पोचलं.

"वं माय वं!" कौसाबाई किंचाळल्या. "हाई तं रेक्टरीनबाई!"

त्यानंतर जे झालं त्याचं वर्णन करणं कठीण आहे. सगळ्यात जास्त नवलभाऊ हसले, कारण प्रवेशाच्या दिवशी त्यांनी रेक्टर मॅडमना प्रत्यक्ष पाहिलं होतं आणि ही नक्कल किती अस्सल आहे याचे ते एकटेच साक्षीदार होते. "हुबेहूब!" ते मांडीवर थाप मारत म्हणाले. "'कृपया शांतपणे ऐका!' तठे बी असंच बोलनी व्हती ती! चारू, आखो एकदाव म्हन!"

"पप्पा, मी खरं बोलतेय."

"'मी खरं बोलतेय!'" गल्लीतल्या पोरांनी कोरस धरला.

इकडे रेक्टर मॅडमना प्रत्येक शब्द कळला होता. त्यांचा हात फोन तोडायला पुढे गेलाही होता. पण तेवढ्यात रिसीव्हरमधून तो हशा आला, आणि ज्या बोलण्यावर घरचे लोक एवढे हसतात ते गंभीर कसं असेल, असा सरळ विचार करून त्यांनी हात मागे घेतला. "कोणाची नक्कल केलीस गं?" त्यांनी विचारलं.

"बातम्या सांगतात ना, त्यांची," चारू म्हणाली.

मग एक रविवार उरला. त्या रविवारी चारू आपल्या पाच मिनिटांत काहीच बोलली नाही. "हॅलो, हॅलो" करून पलीकडचे लोक थकले. रेंज गेली असं ठरवून कौसाबाईंनी फोन डब्यावरून उचलून छपराकडे धरला, मग मोरीकडे, मग आणखी कोणी कोणी आपापल्या घराकडे नेऊन पाहिला. वेळ संपली. चारू उठली.

तिच्यानंतर रिनाचा नंबर होता. रिनाच्या पाड्यावर फोन लागत नसे. डोंगराच्या एका टोकाला एका खडकावर उभं राहिलं तर लागतो, पण तिथं तिच्यासाठी रविवारी कोणी उभं राहत नव्हतं, सगळ्यांना कामं होती. तरी ती दर रविवारी पाच मिनिटं न लागणारा फोन कानाला लावून उभी राहायची, नाहीतर वेळ वापरत नाही म्हणून यादीतून नाव कापलं असतं. तिच्या वेळेला काही घडत नाही हे माहीत असल्यामुळे रेक्टर मॅडम चहा टाकायला आत जायच्या. त्या गेल्या. रिनानं चारूच्या घरचा नंबर लावला.

"काका, मी रिना बोलते. चारूच्या खोलीत राहते. चारू रोज रडते. जेवत नाही. तिला घेऊन जा. शनिवारी शेवटचा दिवस आहे."

पलीकडून नवलभाऊंचा गदगदलेला आवाज आला.

"वारे मन्ही पोर! आते डोंगरनी पोरनी नक्कल बी काढी ऱ्हायनी!"

"रिना म्हने!" कौसाबाई म्हणाल्या. "नाव बी कसं सोधं देखा!"

"काका, मी खरंच रिना आहे."

हशा. रिनानं रिसीव्हर ठेवला आणि खोलीत आली. चारू भिंतीला टेकून बसली होती.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मी हुबेहूब जमले," रिना म्हणाली.

त्यावर चारू हसली. बऱ्याच दिवसांनी, कोणाला ऐकू जाणार नाही इतकी, आणि मग हसणं थांबेना म्हणून रिनानं तिच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा ते हसणं नसल्याचं लक्षात आलं.

शनिवारी नवलभाऊ आलेच. सहीसाठी नव्हे, सत्कारासाठी. भरत सरांनी आपल्या प्रबंधातले निष्कर्ष सांगायला एक छोटा कार्यक्रम ठेवला होता, आणि 'हसरं कुटुंब' म्हणून कोरीटच्या पाटील कुटुंबाला बोलावलं होतं. तीन महिन्यांचा नियम त्यापुरता शिथिल. नवलभाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला, प्रमिलाबाईंनी लग्नातली साडी, आणि कौसाबाई कुटुंबात मोडत नसल्या तरी सगळ्यांच्या आधी क्रूझर गाडीत जाऊन बसल्या.

हॉलमध्ये भरत सर बोलत होते. विनोदबुद्धी असलेली मुलं ताण कसा सहज पेलतात, हे त्यांनी आकृती काढून दाखवलं. मग म्हणाले, "आता सिद्धांत पुरे. प्रत्यक्ष उदाहरणच पाहा," आणि चारूला बोलावलं.

येताना वाटेत प्रकाशा गावचा घाट, तापीचा पूल, रस्त्याची धूळ. नवलभाऊंना तहान लागली होती. पोरीचं सुरू व्हायच्या आत घोटभर पिऊन येऊ म्हणून ते बाहेर टाकीजवळ गेले. तिथं एक बारीकशी मुलगी बाटली भरत होती. त्यांनी नळाखाली ओंजळ धरली.

"काका, ते नका पिऊ. तिकडचं घ्या. या टाकीत शेवाळ आहे."

नवलभाऊंची ओंजळ तशीच राहिली. पाणी गळून गेलं.

"काय म्हनलीस?"

"तिकडचं पाणी घ्या."

"बोल जराशी आखो."

"काय बोलू?"

"काहीबी बोल."

"मी रिना," ती म्हणाली. "रविवारी फोन केला होता."

नवलभाऊ टाकीच्या कट्ट्यावर बसले. शर्टाची इस्त्री मोडली. "मंग ते रेक्टरीनबाईनं..." त्यांनी सुरुवात केली.

"ते चारूच बोलत होती. स्वतःचं."

"अन् सासरवाशीण?"

"ते मला माहीत नाही. तुमच्या भाषेत होतं."

"ड्रेसनं?"

"तिला बघा ना," रिना म्हणाली.

ते हॉलच्या दारात येऊन उभे राहिले. व्यासपीठावर चारू माइकसमोर होती. ड्रेस मागून दोन सेफ्टी पिनांनी घेतलेला होता, तरी खांद्यावरून उतरत होता. ती वरणाचं सांगत होती, पाणी वेगळं, डाळ वेगळी. हॉल हसत होता. पहिल्या रांगेत प्रमिलाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या, कौसाबाई शेजारणीच्या मांडीवर थापा मारत होत्या. नवलभाऊंनी सगळं ऐकलेलं होतं, पण आतापर्यंत डब्यावरून ऐकलं होतं. चेहरा डब्यावर येत नाही.

ते सरळ पुढे गेले. "चारू, चाल," ते म्हणाले. "घर चाल."

चारू थांबली. हॉल कडाडून हसला. बापानंही भाग घेतला!

"हासू नका," नवलभाऊ म्हणाले. "मी खरं सांगी ऱ्हायनू. मन्ही पोर मी लई जाई ऱ्हायनू."

"पाहा, पाहा!" भरत सर माइकवर आले. "याला म्हणतात हसरं कुटुंब! हजरजबाबीपणा रक्तात असतो!" टाळ्या पडल्या. नवलभाऊ आणखी जोरात म्हणाले, की तिला झोप येत नाही, ती जेवत नाही. आणि जितक्या जोरात ते म्हणाले तितका हशा वाढला. कौसाबाईंनी तर सासूचा खर्ज लावला, "नही धाडत जाय!" नवलभाऊंनी त्या गर्दीकडे पाहिलं. असं कितीही बोललं तरी यातून बाहेर पडता येत नाही, हे त्यांना त्या ठिकाणी उभं राहून जेवढं कळलं तेवढं कोणत्याही प्रबंधातून कळलं नसतं. चारू त्यांच्याकडे पाहत होती. तिला हे ठिकाण चांगलं ओळखीचं होतं.

त्यांनी बोलणं सोडलं. तिचा हात धरला आणि चालू लागले. हशा दारापर्यंत आला, ओसरीवर आला, फाटकापर्यंत आला. फाटकाला कुलूप होतं. किल्ली पहिल्या रांगेत, टाळ्या वाजवणाऱ्या रेक्टर मॅडमच्या कमरेला.

बापलेक कुलपापाशी उभे राहिले.

शेवटी रिना आत गेली आणि मॅडमसमोर उभी राहून म्हणाली, "मॅडम, किल्ली द्या. चारू घरी चालली." रिना कधी विनोद करत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. मॅडमचं हसणं थांबलं. मग त्यांच्या शेजारणीचं, मग मागच्या रांगेचं. भरत सरांच्या लक्षात यायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण ते आवाजावरून ओळखत आणि आवाज एकदम बंद झाला होता.

ऑफिसात क्लार्कनं अर्ज पुढे सरकवला. "कारण काय लिहू?" त्यानं विचारलं आणि उत्तर यायच्या आतच 'घरगुती' असं लिहिलं. तो सगळ्यांचं तेच लिहायचा. भरत सर दारात येऊन म्हणाले, "पाटील साहेब, तुम्ही चूक करताय. ती इथली सगळ्यात आनंदी मुलगी आहे. माझ्याकडे आकडे आहेत."

"असतीन," नवलभाऊ म्हणाले आणि सही केली.

चारूनं कॉटवरून गादी गुंडाळली. रिनानं ट्रंकेचं एक टोक धरलं. फाटकापाशी चारू तिला म्हणाली, "येशील ना कोरीटला?"

"सुट्टी लागली की," रिना म्हणाली. "आधी खिडकीजवळची कॉट घेते. पत्र्याला एक भोक मोठं आहे." आणि ती आत गेली, कारण तिला डॉक्टर व्हायचं होतं, ते तिचं तिनं ठरवलेलं होतं. फाटक लागलं.

परतीच्या वाटेवर क्रूझरमध्ये कोणी बोललं नाही. प्रकाशा गावाच्या अलीकडे कौसाबाईंना राहवेना. "बोल ना वं चारू काही. रस्ता कटस नही."

"कौसामाय," नवलभाऊ पुढच्या सीटवरून मागे न पाहता म्हणाले, "तिले झोपू दे."

चारू आधीच झोपली होती. आईच्या खांद्यावर, तोंड उघडं टाकून. प्रमिलाबाई तिच्या दंडाभोवती बोटं लावून पाहत होत्या. अंगठा आणि बोट एकमेकांना लागत होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. संध्याकाळी सवयीप्रमाणे ओट्यावर सतरंजी पडली, चहा झाला, लोक आले. चारू तिथंच खांबाला टेकून भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. सगळे तिच्याकडे पाहत होते, ती शेंगांकडे. कौसाबाईंनी घसा खाकरला. चारूनं वर पाहिलं आणि म्हणाली, "चहा ल्या ना." दोघेतिघे सवयीनं हसले, मग इकडेतिकडे पाहून थांबले. चहा मात्र सगळ्यांनी घेतला. कपबश्या ठेवून माणसं एकेक करत उठली.

चारू आता नंदुरबारच्या कॉलेजला एसटीनं जाते. जेवते. कधीमधी हसवते, पण ठरवून नाही, आणि रोज तर नाहीच. भरत सरांचा प्रबंध वेळेत पूर्ण झाला; एक सहभागी विद्यार्थिनी घरगुती कारणानं सोडून गेल्याची नोंद तळटीपेत आहे, निष्कर्षांवर त्याचा परिणाम झालेला नाही.

त्या चहाच्या पुढच्या रविवारी नवल पाटलांच्या ओट्यावर कोणी आलं नाही. कौसाबाईंच्या टीव्हीच्या डिशचं रिचार्ज जूनमध्ये संपलं होतं, ते त्यांनी मारून घेतलं.